पानांवाचून भागतं, मुळांवाचून नाही

सावंतवाडी,
20 ऑगस्ट

चि. सई हीस,


तुझा प्रश्न आणि सोबतचा फोटो, दोन्ही पोचले. फोटोतली आमरी अमेरिकेतल्या फ्लॉरिडाची आहे. तिकडे तिला घोस्ट ऑर्किड म्हणतात, शास्त्रीय नाव डेन्ड्रोफायलॅक्स लिंडेनी. तू लिहितेस, "आत्या, हिला पानंच नाहीत. झाडाच्या सालीवर नुसत्या मुळ्या पसरल्यात आणि मधूनच एक पांढरं फूल. पुस्तकात तर अन्न पानात तयार होतं असं दिलंय. मग ही बांडगूळ आहे का?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण उत्तरापेक्षा त्यामागचा हिशेब जास्त रंजक आहे, आणि तो फोनवर मावत नाही. म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

आधी बांडगुळाचं बघू. आपल्याकडे झाडावर उगवलेल्या कशालाही लोक सर्रास बांडगूळ म्हणतात, आणि त्यात बिचाऱ्या आमरीवर विनाकारण आळ येतो. खरं बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपली शोषक मुळं घुसवतं आणि झाडाचा रस ओढतं. आमरी असं काही करत नाही. ती सालीला वरवर धरून बसते, झाडाच्या आत शिरत नाही. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. जगात आमरीच्या सुमारे 28,000 जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त अशाच झाडांच्या अंगाखांद्यावर राहतात. आंबोलीच्या जंगलात तू पाहिलेली सीतेची वेणी त्यांतलीच.

दुसरी शंका तुझ्या मनात येईल ती बुरशीची. काही आमरींमध्ये हरितद्रव्य मुळीच नसतं. एपिपोजियम नावाची एक आमरी पश्चिम घाटातही सापडते. ती कुजलेल्या पाचोळ्यात उगवते आणि तिचं सगळं अन्न जमिनीतल्या बुरशीकडून येतं. घोस्ट ऑर्किड त्या जातकुळीची नाही. बुरशीशी तिचा संबंध आहे, आणि तो जन्मापासूनचा आहे. आमरीचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतोच. सेरॅटोबेसिडियम गटातली बुरशी मदतीला आली तरच ते रुजतं. पण रोप वाढून मुळं पसरली की स्वतःचं अन्न ती स्वतः तयार करते, आणि तेही मुळांत. तुझ्या फोटोतल्या त्या करड्या मुळ्या ओल्या असताना पाहिल्यास तर हिरव्यागार दिसतील.

घोस्ट ऑर्किड या बाबतीत एकटी नाही. फ्लॉरिडा आणि क्यूबातली ती. आफ्रिका आणि मादागास्करमध्ये मायक्रोसीलियाच्या तीसेक जाती. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत कॅम्पायलोसेंट्रमच्या काही जाती. आणि आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत चिलोस्किस्टा आणि टिनिओफायलम. टिनिओफायलमच्या एकट्याच्या जाती दोनशेच्या आसपास आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा इतक्या लहान की सालीवरचा हिरवा ओरखडा समजून माणूस पुढे जातो. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याला आणि पश्चिम घाटात केरळाच्या बाजूला या दोन्ही प्रजाती आहेत. या सगळ्यांची खोडं अगदी आखूड, जवळपास नाहीतच. पानांच्या जागी बारीक खवले. उरतात ती मुळं आणि मोसमात येणारा फुलोरा.

आता हिशेबाला बसू. झाडाच्या फांदीवर राहायचं ठरवलं तर सगळ्यात मोठी टंचाई कशाची असेल? तू म्हणशील उजेडाची. उजेड तर जमिनीपेक्षा फांदीवर जास्त. टंचाई पाण्याची. फांदीवर माती नाही, पाणी धरून ठेवणारं काही नाही. सर आली की पाणी सालीवरून ओघळतं, सर थांबली की साल सुकायला लागते. वर्षाला पाऊस कितीही पडो, आमरीच्या वाट्याला तो मिनिटामिनिटांनी येतो. खतपाण्याचंही तेच. क्षार काय मिळतील ते त्या वाहत्या पाण्यातून.

पान ही उजेड पकडायची उत्तम सोय आहे, पण पाण्याच्या बाबतीत ती भलतीच खर्चिक आहे. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतली वाफ बाहेर पडते. नेहमीच्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या वनस्पतीला एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी उडवावं लागतं. शिवाय पान म्हटलं की त्याला धरणारं खोड आलं, पाणी पोचवणाऱ्या वाहिन्या आल्या, त्या सगळ्याला लागणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस आला. फांदीवर हे सगळं दुर्मीळ.

मूळ मात्र सोडता येत नाही. सालीला धरायला तेच, पाणी टिपायला तेच. जमिनीतलं मूळ अंधारात असतं, म्हणून उजेडाचं काम त्याला करताच येत नाही. आमरीचं मूळ आधीच उघड्यावर, उजेडात. मग ज्याला सोडता येत नाही त्याच्याकडेच अन्नाचंही काम दिलं, तर पान आणि खोड यांचा खर्च वाचतो. अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजचे डेव्हिड बेन्झिंग यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बिनपानांच्या आमरींचा अभ्यास करून हाच विचार मांडला: टंचाईच्या जागी शरीर जितकं कमी, तितकी तुटपुंजी मिळकत पुरवठ्याला येते. मला हा विचार पटतो, कारण तो पान नसण्याकडे उणीव म्हणून न पाहता खर्चाची एक बाजू म्हणून पाहतो.

पण काम सोपवणं सोपं, निभावणं अवघड. मुळाला एकाच वेळी तीन परस्परविरोधी गोष्टी करायच्या असतात. पाणी झटकन घ्यायचं पण सावकाश सोडायचं. उजेड आत घ्यायचा पण उन्हाचा मारा बाहेर ठेवायचा. हवा आत घ्यायची पण वाफ जाऊ द्यायची नाही. हे कसं जमतं ते पाहायला मुळाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.

सगळ्यात बाहेर एक पांढुरका थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. तो मेलेल्या पेशींचा असतो. वाढ पूर्ण झाली की या पेशी आपणहून मरतात आणि त्यांची रिकामी, जाळीदार घरं मागे राहतात. कोरडेपणी त्यांत हवा असते, म्हणून मूळ चंदेरी पांढरं दिसतं. पाणी पडलं की काही सेकंदांत ती घरं भरतात आणि थर पारदर्शक होतो. पांढरं मलमल भिजल्यावर आतलं अंग दिसावं तसा आतला हिरवा रंग बाहेरून दिसायला लागतो. भरायला सेकंद, सुकायला तास: त्सॉट्स आणि विंक्लर यांनी 2013 मध्ये अनेक आमरींच्या मुळांवर केलेल्या मोजमापात हेच दिसलं. त्यांनी आणखी एक जुनी अटकळही तपासली. फ्रिट्स वेंट यांनी जावातल्या जंगलावर 1940 मध्ये लिहिताना म्हटलं होतं, की सरीचं पहिलं पाणी पानांवरची आणि सालीवरची धूळ, क्षार धुऊन आणतं, म्हणून ते सगळ्यात कसदार असतं. व्हेलामेन नेमकं तेच पहिलं पाणी धरून ठेवत असावं. नव्या मोजमापांनी या अटकळीला बळ दिलं. पुढचं पाणी नुसतं ओघळून गेलं तरी फारसं बिघडत नाही.

या मेलेल्या थराचं दुसरं काम संरक्षणाचं. गियोम शोमिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं, की व्हेलामेन अतिनील किरणं अडवतं आणि आतल्या हिरव्या पेशींचं नुकसान टाळतं. सूर्याच्या उजेडातलं हवं ते आत, नको ते बाहेर.

व्हेलामेनच्या आत आणखी एक थर असतो. त्याच्या बहुतेक पेशींच्या भिंती जाड, पाणी सहसा न जाऊ देणाऱ्या. मधूनमधून मात्र पातळ भिंतीच्या पेशी असतात, पाणी आणि क्षार आत येतात ते त्यांच्यातून. त्याच्याही आत हरितलवकांनी भरलेला गर, आणि अगदी मध्यभागी वाहिन्या. म्हणजे पानात असतो तसाच हिरवा कारखाना इथे आहे, फक्त नळीच्या आकारात. टिनिओफायलमच्या काही जातींमध्ये तर मूळ चपटं होऊन सालीवर पसरतं, त्यामुळे उजेड पकडायला जास्त जागा मिळते.

आता एक पेच पाहा. मुळाला पर्णरंध्रं नसतात. त्यातून पाऊस पडला की व्हेलामेन पाण्याने भरून जातं, आणि पाण्यातून कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू सरकतो. म्हणजे पाणी मिळालं त्याच घटकेला श्वास कोंडायला हवा. यावरही तोड आहे. मुळावर जागोजागी काही पेशींचे पुंजके असे असतात, की त्यांच्यात पाणी शिरत नाही. बाकीचं मूळ भिजून हिरवं झालं तरी तिथे हवा तशीच राहते, आणि ती आतल्या हवेच्या पोकळ्यांशी जोडलेली असते. घोस्ट ऑर्किडच्या ओल्या मुळावर ज्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, त्या याच. फोटो मोठा करून बघ, नीट ओळखू येतील.

हवेची वाट उघडी राहिली. मग भर दुपारी वाफ निघून जात नाही का? इथे मला तुला दोनशे वर्षं मागे न्यायचं आहे, आणि तेही आपल्याच देशात.

बेंजामिन हेन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात होता. त्याने 1813 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या लॅम्बर्ट यांना एक पत्र लिहिलं, ते 1815 मध्ये छापून आलं. विषय होता आपली पानफुटी. सकाळी तिचं पान चाखलं तर चांगलंच आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळच्या सुमाराला कडवट, असं त्याने नोंदवलं. त्याच्या हाताशी प्रयोगशाळा नव्हती; होती ती जीभ आणि दिवसभर एकाच झाडाकडे लक्ष देण्याची सवय. पुढे कळलं, की रात्री थंडाव्यात पर्णरंध्रं उघडून पानफुटी कार्बन डायऑक्साइड घेते, त्यापासून मॅलिक आम्ल तयार करते आणि ते पेशीतल्या रिक्तिकेत साठवते. म्हणून सकाळी पान आंबट. दिवसा ती रंध्रं मिटते, आम्ल मोडते, त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड सूर्यप्रकाशात साखरेसाठी वापरते. संध्याकाळपर्यंत आम्ल संपलेलं असतं. या पद्धतीला कॅम म्हणतात. निवडुंग, घायपात, अननस, सगळे याच वाटेचे. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडसाठी त्यांना पाणी लागतं साधारण 50 ते 100 ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या पद्धतीच्या पाचव्या हिश्श्याहून फारसं जास्त नाही.

बिनपानांच्या आमरी मुळांत हेच करतात. कॉकबर्न, गोह आणि अवधानी यांनी 1985 मध्ये हिमालयाकडच्या चिलोस्किस्टा उस्नेऑइडिस या आमरीच्या मुळांत रात्री आम्ल वाढतं आणि दिवसा घटतं हे दाखवलं. त्याच वर्षी कॅम्पायलोसेंट्रमच्या एका जातीतही हे दिसून आलं. जपानमध्ये केन्जी सुएत्सुगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये टिनिओफायलमच्या मुळांवर काम केलं आणि ही मुळं कॅम पद्धतीच्या प्रकाशसंश्लेषणासाठी खास घडलेली आहेत, असा निष्कर्ष काढला.

तरी पानफुटीत आणि हिच्यात एक मोठा फरक उरतोच. पानफुटी दिवसा दारं मिटू शकते, मुळाला मिटायला दार नाही. दिवसा आम्लातून सुटलेला वायू बाहेर निसटू नये, म्हणून एकीकडे जाड भिंतींच्या थराचा अटकाव आणि दुसरीकडे सुटल्याबरोबर तो वापरून टाकणारी हरितलवकं, यांच्यावर ही आमरी विसंबते. कॉकबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच याला कॅमचा वेगळा प्रकार म्हटलं. पुस्तकात कॅमच्या व्याख्येला चिकटूनच रंध्रं येतात. निसर्गाने ती वगळूनही काम चालवलेलं आहे.

आता तुझ्या मनात येईल, की एवढं सगळं एका फटक्यात कसं घडलं असेल? एका फटक्यात घडलंच नाही. पानं असलेल्या बहुतेक अपिवनस्पती आमरींच्या मुळांतही हरितद्रव्य असतं. त्यांची मुळं बहुधा आपल्या श्वसनाचा खर्च काही अंशी भागवण्यापुरतंच अन्न करतात. व्हेलामेन त्यांच्यातही असतं. कॅमही पुष्कळांत असतं. चीनकडच्या फॅलेनॉप्सिस विल्सोनीसारख्या काही जाती तर कोरड्या मोसमात पानं गाळतात आणि मुळांवर दिवस काढतात. चिलोस्किस्टाला एरवी पानं नसली तरी ओल्या मोसमात एखादं लहानसं पान कधीमधी फुटतं. म्हणजे आधी हत्यारं जमा झाली, मग पान अनावश्यक ठरलं. आशियातल्या बिनपानांच्या आमरी वांडाच्या गोतातल्या आहेत, आफ्रिका आणि अमेरिकेतल्या अँग्रेकमच्या गोतातल्या. ज्या घराण्यांत ही हत्यारं आधीपासून होती, तिथेच पान सोडण्याचं धाडस झालं, आणि ते वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे झालं.

याची किंमत काय, हेही लिहिते. नाहीतर तुला वाटेल, पान टाकलं की सगळं फायद्याचंच. मुळाचा उजेड पकडणारा पृष्ठभाग पानाच्या मानाने फार थोडा. त्यामुळे मिळकत बेताची आणि वाढ अतिशय मंद. शिवाय हा एकखांबी तंबू. पान खाल्लं गेलं तर झाड दुसरं काढतं. इथे मूळ दुखावलं की आधार, पाणी आणि अन्न तिन्ही एकदम जातात. म्हणून बिनपानांच्या आमरी वाळवंटी मुलखात सापडत नाहीत. हवेत ओलावा आणि वरचेवर पाऊस असलेल्या ठिकाणीच त्यांचं गणित जुळतं. फ्लॉरिडातली घोस्ट ऑर्किड दलदलीच्या जंगलात राहते, बहुतेकदा पॉप ॲश आणि पॉन्ड ॲपल या झाडांवर. यांतलं पॉन्ड ॲपल म्हणजे आपल्या सीताफळाच्याच प्रजातीतलं. खाली साचलेलं पाणी तिथली हवा दमट ठेवतं, थंडीचा कडाकाही मोडतं. दलदल आटवली की झाडावर कुऱ्हाड न चालवताही ही आमरी संपते.

आता तुझ्या पुस्तकाकडे येते. "मूळ हिरवं कसं काय होतं?" असं तू विचारतेस, तेव्हा तू गृहीत धरतेस की मुळाला ते मुळातच जमत नाही. हे तपासून झालेलं आहे. कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपाची मुळं खोडापासून कापून उजेडात ठेवली, तर ती हिरवी व्हायला लागली. खोडाकडून येणारं ऑक्सिन हे संप्रेरक मुळाला हिरवं होऊ देत नव्हतं. ते थांबलं, सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढला, आणि हरितलवकं तयार होऊ लागली. त्या मुळांत क्षमता होती, तिच्यावर दाब होता.

आणि उदाहरणं शोधायला फ्लॉरिडाला जायची गरज नाही. आपल्या परसातल्या आंब्यावरून गुळवेलीच्या दोऱ्यांसारख्या मुळ्या खाली लोंबतात, त्या हिरव्या असतात आणि अन्न तयार करतात. खाडीकाठी तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं असतात, त्यांच्या सालीखाली हिरवा थर असतो, आणि त्यातही प्रकाशसंश्लेषण होतं हे मोजलेलं आहे. सगळ्यात नवलाची गोष्ट सह्याद्रीतल्या ओढ्यांत आहे. पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती वाहत्या पाण्यातल्या खडकाला शेवाळासारख्या चिकटून असतात. त्यांतल्या कित्येकींत तो चपटा हिरवा भाग म्हणजे मूळच असतं. पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की त्या उघड्या पडतात, घाईघाईने फुलतात आणि बी धरतात. एक फांदीवर टंचाईत, एक चिखलात, एक धबधब्याखाली. परिस्थिती तीन प्रकारची, तोडगा मात्र एकच: मुळाला उजेडाचं काम द्या.

म्हणून परीक्षेत "अन्न पानात तयार होतं" असं लिहायला लागलं तर जरूर लिही, गुण मिळव. मनात मात्र वाक्य असं ठेव: जिथे हरितलवकं आहेत आणि उजेड, पाणी, कार्बन डायऑक्साइड पोचतो, तिथे अन्न तयार होतं. त्या जागेला आपण पान म्हणतो की मूळ, याच्याशी प्रकाशसंश्लेषणाला देणंघेणं नाही. कुठल्याही सजीवाकडे पाहताना आधी अवयवाचं नाव घेऊन त्याचं काम ठरवू नकोस. तिथे टंचाई कशाची आहे ते विचार, मग खर्च कुठे वाचवलाय ते शोध. विचित्र वाटणाऱ्या निम्म्या गोष्टी मग सरळ वाटायला लागतात.

तुझ्यासाठी दोन प्रयोग सांगते, दोन्ही पुण्यातल्या घरात होतील. पहिला: रोपवाटिकेत फॅलेनॉप्सिसची कुंडी मिळते. बहुतेकदा ती पारदर्शक प्लॅस्टिकची असते, म्हणजे मुळांना उजेड मिळतो. कुंडीबाहेर आलेल्या एखाद्या कोरड्या, पांढऱ्या मुळावर पाण्याचा फवारा मार आणि घड्याळ लाव. हिरवा रंग दिसायला किती सेकंद लागले, परत पांढरा व्हायला किती वेळ, ते वहीत लिही. भिजलेल्या मुळावर न भिजलेले पांढरे ठिपके किंवा रेघा दिसतात का तेही बघ. दुसरा प्रयोग हेनसाहेबांचा, पण जिभेशिवाय. पानफुटीत काही विषारी द्रव्यं असतात, म्हणून ती चाखायची नाही. सकाळी उजाडताना एक पान चुरडून रस पीएच कागदावर लाव, आणि त्याच झाडाचं दुसरं पान दुपारी चारच्या सुमाराला तसंच तपास. दोन्ही कागद तारीख-वेळ घालून वहीत चिकटव. ढगाळ दिवशी फरक कमी पडतो का, हा पुढचा प्रश्न मी तुझ्यावर सोडते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची. जंगलातली आमरी काढून आणायची नाही, कुणी आणून दिली तरी घ्यायची नाही. घोस्ट ऑर्किडच्या मुळावर दलदलींचा निचरा आणि चक्रीवादळं जितकी आली, तितकेच हौशी चोरही. जंगलातून ओरबाडलेलं असं झाड घरी सहसा जगत नाही. तिची बुरशी, तिचा दमटपणा, तिची साल, काहीच आपल्याला देता येत नाही. फ्लॉरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी बियांपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवून ती पुन्हा जंगलातल्या झाडांवर बसवली, तो मार्ग खरा. आणि पाहायचं असेल तर तेही जमतं: 2007 मध्ये तिथल्या कॉर्कस्क्रू दलदलीत एका जुन्या सायप्रसवर सुमारे पन्नास फुटांवर एक घोस्ट ऑर्किड दिसली. ती कुणी उतरवली नाही. लोक लाकडी पायवाटेवरून दुर्बिणीने तिची फुलं पाहत आले. सगळ्या आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे, हेही मैत्रिणींना सांग. ऑनलाइन काहीबाही विकत घेण्याआधी त्यांना ते माहीत हवं.

चवथीला येशील तेव्हा वही बरोबर आण. गुळवेलीची मुळी आपण दोघी मिळून कापू आणि दादाच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली बघू. खाडीवर जाऊन तिवराचीही खूण पटवू. तोवर फॅलेनॉप्सिसची आणि पानफुटीची निरीक्षणं पूर्ण करून ठेव. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून थांबू नकोस. मोज, आणि जे दिसेल तेच लिही.

आईबाबांना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझी,
आत्या